बोट आणि काच: त्वचेचं घर्षण मोजायला बसण्याआधी

त्वचेचा घर्षणांक, म्हणजे घर्षणबल भागिले बोट काचेवर दाबणारं लंबबल, किती, या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर नाही. एकाच माणसाची तर्जनी एकाच काचेवर सरकवली, तरी धुऊन कोरडं केलेलं बोट ०.५ च्या आसपास दाखवू शकतं आणि तेच घामेजलं की १ च्या वर जातं. दोन्ही मोजमापं बरोबरच असतात. म्हणून लंबबल, वेग, ओलावा आणि बोट काचेवर किती वेळ होतं, हे सोबत लिहिलं नसेल तर त्या आकड्याला किंमत नाही. ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या.

लंबबल दुप्पट केलं की घर्षणबल दुप्पट, हा शाळेतला नियम इथे तोकडा पडतो. त्वचा मऊ असते, तिचं घर्षणबल मुख्यतः संपर्काच्या क्षेत्रफळावर ठरतं, आणि बलाच्या मानाने ते क्षेत्रफळ सावकाश वाढतं. गोलाकार मऊ टोकासाठी हर्ट्झचं (लवचीक वस्तू एकमेकींवर दाबल्यावर किती भिडतात याचं) गणित लावलं तर क्षेत्रफळ बलाच्या २/३ घाताने वाढतं, म्हणजे घर्षणांक बलाच्या उणे १/३ घाताने उतरतो. ०.५ न्यूटनला १ आला, तर २ न्यूटनला ०.६३ च्या जवळ यावा. खरं बोट या गणिताबरहुकूम वागेलच असं नाही, पण कल हाच असतो. वेगवेगळ्या बलांवर काढलेल्या घर्षणांकांची तुलना करायची नाही, ती यासाठी.

सुरुवातीला महागडं यंत्र लागत नाही. एक किलो क्षमतेचे दोन पट्टीसारखे लोडसेल (बलाचं विद्युत संकेतात रूपांतर करणारे संवेदक) घ्या. एक उभं बल मोजेल असा, दुसरा आडवं बल मोजेल असा बसवा आणि वर ७५ × २५ मिलिमीटरची प्रयोगशाळेतली काचपट्टी घट्ट चिकटवा. लोडसेलचा संकेत आकड्यांत बदलणारा एचएक्स७११ हा स्वस्त बोर्ड सेकंदाला १० किंवा ८० नोंदी देतो आणि बहुधा १० वरच लावलेला येतो. २० मिलिमीटर प्रतिसेकंद वेगाने ४० मिलिमीटरची फेरी दोन सेकंदांत संपते, म्हणजे हाती जेमतेम २० नोंदी, त्यातही सुरुवातीच्या आणि शेवटच्या टाकाऊ. बोर्डवरची नोंदींचा वेग ठरवणारी रेट पिन ग्राउंडपासून सोडवून पुरवठ्याला जोडा, ८० मिळतील. सरासरी घर्षणाला तेवढं पुरतं. बोटाचं अडकणं-सटकणं टिपायचं असेल तर सेकंदाला हजारभर नोंदींचं वेगळं साधन हवं.

सगळ्यात जास्त घोळ पातळीचा होतो. काच फक्त १ अंशाने कललेली असली तरी १ न्यूटन वजनातलं ०.०१७ न्यूटन आडव्या लोडसेलवर उतरतं आणि घर्षणाचं सोंग घेतं. तपासायची रीत सोपी आहे: १०० ग्रॅमचं वजन काचेच्या मध्यावर आणि मग दोन्ही टोकांना ठेवा. आडवा आकडा शून्यावरून हलला तर पातळी तरी चुकली आहे किंवा एका लोडसेलचं बल दुसऱ्यात झिरपतंय. प्रत्येक वेळी बोट पुढे आणि मागे दोन्ही दिशांना सरकवून सरासरी घेतली, तर कलामुळे आलेली चूक बरीचशी कटते.

आता माणूस. स्वयंसेवकांना बोलावण्याआधी संस्थेच्या नीतिसमितीची मंजुरी आणि त्यांना कळेल अशा भाषेत लेखी संमती घ्या. बोटावर जखम, इसब किंवा त्या दिवशी लावलेलं क्रीम असेल तर त्यांना घेऊ नका. हात साबणाने धुवायला सांगा, टिपून कोरडे करा आणि २० ते २२ अंश सेल्सिअस, ४० ते ६० टक्के आर्द्रतेच्या खोलीत २०-३० मिनिटं बसवून ठेवा. या वेळात चेहऱ्याला, केसांना हात लावू द्यायचा नाही, कारण तिथलं तेल बोटावर येतं. जुलैतली मुंबई आणि एप्रिलच्या दुपारचं पुणं यांत हवेच्या ओलाव्याचा प्रचंड फरक असतो. खोली नियंत्रित नसेल तर निदान दर फेरीला आर्द्रता टिपून ठेवा.

काच प्रत्येक माणसानंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्या. स्वयंसेवकासमोर उभ्या बलाचा आकडा दिसेल असा पडदा ठेवला, की १ न्यूटन धरून ठेवायला तो चार-पाच फेऱ्यांत शिकतो. त्या फेऱ्या हिशोबात धरू नका.

घामाची गोष्ट नीट समजून घ्या. बोटावरच्या ठशांच्या उंचवट्यांवरच घामाची छिद्रं असतात आणि काच पाणी शोषत नाही. बोट टेकवून ठेवलं की ओलावा तिथेच कोंडतो, वरचा मृत पेशींचा थर मऊ पडून काचेला जास्त जागी भिडतो आणि काही सेकंदांत घर्षण चढू लागतं. पाणी फारच झालं तर उलट त्याचा पातळ थर वंगणासारखा काम करतो आणि आकडा घसरतो. म्हणून बोट टेकवल्यापासून सरकवेपर्यंतचा वेळ दर वेळी सारखाच ठेवा, समजा २ सेकंद, आणि दोन फेऱ्यांमध्ये बोट उचलून ३० सेकंद हवेत धरायला सांगा.

फिरत्या चकतीची तयार उपकरणंही मिळतात. त्यांत चकतीच्या मध्यावर वेग शून्य आणि कडेला सर्वाधिक असतो. त्यांचा आकडा आपल्या सरळ सरकत्या बोटाच्या आकड्याशी जुळवत बसू नका.

रोज काम सुरू करताना सिलिकॉन रबराचा एकच ठरावीक तुकडा स्वच्छ पुसून १ न्यूटनला दहा वेळा सरकवा आणि वहीत लिहा. त्याला घाम येत नाही. एखाद्या सकाळी त्याचाच आकडा बदललेला दिसला, तर स्वयंसेवकाला थांबवा आणि आधी काच, लोडसेलचे स्क्रू आणि पातळी तपासा.