उत्तर हिंदी महासागराचा रोजचा अंदाज: शिकणाऱ्यांसाठी काही अनुभव

सागरी हवामानशास्त्राकडे वळणारे बहुतेक विद्यार्थी चक्रीवादळांच्या ओढीने येतात, आणि त्यात गैर काहीच नाही. पण उत्तर हिंदी महासागरात, म्हणजे अरबी समुद्र आणि बंगालच्या उपसागरात मिळून, वर्षाला सरासरी पाचच्या आसपास चक्रीवादळे होतात. उरलेले सारे दिवस वादळाविना जातात, तरी हवामानाच्या अंदाजाचे पत्रक त्याही दिवशी निघते आणि त्यावर विसंबून होड्या समुद्रात जातात. हे काम खऱ्या अर्थाने शिकायचे तर त्या शांत भासणाऱ्या दिवसांत शिकावे, असे माझे ठाम मत आहे. वादळाच्या दिवशी शिकायला सवड नसते.

शिक्षणाबद्दल थोडक्यात सांगते. पदवीला भौतिकशास्त्र आणि गणित पक्के असावे. त्यानंतर वातावरणशास्त्रातील किंवा हवामानशास्त्रातील एम.एस्सी. पुणे, कोची, विशाखापट्टणम अशा ठिकाणच्या विद्यापीठांत करता येते. भारतीय हवामान विभागातील वैज्ञानिक साहाय्यकांची भरती कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षेतून होते. आंतरराष्ट्रीय व्यवस्थेत या सागरी क्षेत्राची चक्रीवादळविषयक जबाबदारी याच विभागाच्या नवी दिल्लीतील केंद्राकडे आहे, तर लाटा, प्रवाह आणि समुद्रस्थितीचे अंदाज हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेकडून येतात. नवख्याने या दोन्ही ठिकाणची पत्रके रोज शेजारी शेजारी ठेवून वाचावीत.

कामाची सुरुवात निरीक्षणांपासून करावी. जागतिक प्रमाणवेळेचे शून्य तास म्हणजे आपल्याकडचे पहाटेचे साडेपाच. त्या वेळच्या नोंदी हाती आल्या की संगणकीय प्रारूपाचा नकाशा उघडण्याआधी समदाब रेषा, म्हणजे हवेचा दाब सारखा असलेली ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, आपल्या हाताने काढाव्यात. किनाऱ्यावरील केंद्रे, जहाजे आणि निरीक्षणाची उपकरणे बसवलेले तरंगते बॉय यांच्या नोंदी समुद्रावर इतक्या विरळ असतात की एखाद्या जहाजाने कळवलेला दाब शेजारच्या आकड्यांपेक्षा दोन हेक्टोपास्कलने (हे हवेच्या दाबाचे एकक) कमी असेल, तर तो चुकीचा आहे की नव्या कमी दाबाच्या क्षेत्राची पहिली चाहूल आहे, हे ठरवण्यात बराच वेळ जातो, आणि तो वेळ सत्कारणी लागतो. उपग्रहावरील स्कॅटरोमीटर समुद्राच्या पृष्ठभागाच्या खडबडीतपणावरून वारा मोजतो. ओशनसॅट मालिकेतील उपग्रहांवर हे उपकरण आहे. त्याच्या नकाशात मोकळ्या पाण्यावरचे वाऱ्याचे बाण शिस्तीत वळत जातात आणि मध्येच दाट पावसाच्या ढगाखाली ते भलत्याच दिशेला किंवा भलत्याच जोराने दिसू लागतात. तेथे वारा खरोखर बदललेला असेलच असे नाही. अनेकदा पावसाच्या थेंबांनीच संकेत बिघडवलेला असतो. म्हणून तोच भाग इन्सॅट या हवामान उपग्रहाच्या ढगांच्या चित्रावर ठेवून पाहिल्याशिवाय त्या बाणांवर भिस्त ठेवू नये.

या समुद्रांचा स्वभाव वर्षभराच्या चक्रातून कळतो. चक्रीवादळांचे दोन हंगाम आहेत: मोसमी पावसापूर्वीचा एप्रिल ते जूनचा आणि नंतरचा ऑक्टोबर ते डिसेंबरचा. जुलै-ऑगस्टमध्ये खालच्या थरात नैर्ऋत्येचे आणि वरच्या थरात पूर्वेचे जोरदार वारे वाहतात. दिशा आणि वेग यांतील हा तीव्र फरक, ज्याला विंड शिअर म्हणतात, वादळाची उभी रचना टिकू देत नाही. मात्र वादळ नाही म्हणून समुद्र निवळला असे मानू नये. सोमालियाच्या किनाऱ्याजवळून येणाऱ्या मोसमी वाऱ्यांच्या झोतामुळे याच महिन्यांत मध्य अरबी समुद्रात लाटांची उंची चार-पाच मीटरपर्यंत जाते. सोमालियाच्या किनाऱ्याजवळ खालचे थंड पाणी वर येऊन पृष्ठभागाचे तापमानही उतरते. बंगालच्या उपसागरात याउलट, नद्यांच्या आणि पावसाच्या गोड्या पाण्याचा हलका थर वर राहतो आणि खालचे पाणी सहजासहजी मिसळू देत नाही, त्यामुळे पृष्ठभाग उबदार राहतो. तेथे वादळे अधिक का होतात, याचे एक कारण यात आहे.

नवख्यांच्या नजरेतून हमखास सुटणारी गोष्ट म्हणजे स्वेल, अर्थात दूरच्या वाऱ्याने उठवलेल्या आणि त्या वाऱ्याला मागे टाकून आलेल्या लांब लाटा. केरळच्या किनाऱ्यावर वारा पडलेला असताना, आकाश निरभ्र असताना समुद्र अचानक वस्तीत शिरतो. तेथील मच्छीमार त्याला कल्लक्कडल म्हणतात. या लाटांचा उगम दक्षिण हिंदी महासागरातील वादळी पट्ट्यात असतो. अठरा सेकंद आवर्तकाल (लागोपाठच्या दोन लाटांमधला वेळ) असलेल्या लाटांची ऊर्जा खोल पाण्यात ताशी सुमारे पन्नास किलोमीटर वेगाने पुढे सरकते, म्हणजे सहा हजार किलोमीटरचे अंतर तोडायला तिला पाच दिवस लागतात. हे गणित स्वतः करून पाहावे आणि पाच दिवसांपूर्वीचा दक्षिणेकडचा नकाशा काढावा. कारण तेथे सापडते. लाटांच्या अंदाजात उंचीइतकेच लक्ष आवर्तकालाकडे द्यावे. दिलेली उंचीही सर्वांत उंच एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते. एखादी लाट तिच्या जवळजवळ दुप्पटही उठू शकते.

आकड्यांची तुलना जपून करावी. आपला विभाग वाऱ्याची तीन मिनिटांची सरासरी धरतो, तर अमेरिकी संस्था एका मिनिटाची. त्यामुळे एकाच वादळाचे दोन वेग दिसले तर त्यात घोळ असेलच असे नाही. आपल्याकडे वारा 17 नॉटला (एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) पोहोचला की कमी दाबाच्या क्षेत्राची पायरी ओलांडून डिप्रेशन, म्हणजे चक्रीवादळाआधीची अवस्था, सुरू होते, 34 नॉटला चक्रीवादळ म्हटले जाते आणि त्याला नाव मिळते. पण लहान होडीला 34 नॉटपर्यंत वाट पाहण्याची मुभा नसते. नोव्हेंबर 2017 च्या अखेरीस ओखी कन्याकुमारीजवळ थोड्या अवधीत डिप्रेशनपासून चक्रीवादळापर्यंत पोहोचले, तेव्हा अनेक दिवसांच्या मासेमारीसाठी गेलेल्या कितीतरी होड्या आधीच खोल समुद्रात होत्या. म्हणून वादळी प्रणाली अजून दुबळी असतानाच तिच्या भोवतीच्या वाऱ्याचे आणि लाटांचे क्षेत्र पत्रकात स्पष्ट लिहिले गेले पाहिजे, याबाबतीत मी आग्रही आहे.

नकाशावरील केंद्राचा ठिपका आणि किनारा ओलांडण्याची जागा यांवरच सगळ्यांची नजर खिळते. तौक्ते 17 मे 2021 च्या रात्री गुजरातच्या किनाऱ्यावर धडकले, पण त्याच दिवशी मुंबईपासून दूर समुद्रात पी-305 हा तराफा बुडून अनेकांचे प्राण गेले. पश्चिम किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे जाणाऱ्या वादळाची उजवी बाजू किनाऱ्याकडे असते आणि वादळाचा स्वतःचा वेग त्या बाजूच्या वाऱ्यात मिळत असल्याने तेथे जोर अधिक असतो. पत्रक लिहिताना चारही दिशांना वारा किती अंतरापर्यंत पोहोचतो, हे आधी ठरवावे आणि मग केंद्राबद्दल लिहावे.

सरावासाठी ऑक्टोबर-नोव्हेंबर 2019 चा काळ निवडावा. तेव्हा क्यार आणि महा ही दोन वादळे अरबी समुद्रात एकाच वेळी होती. क्यार सुपर सायक्लोन या सर्वांत तीव्र श्रेणीपर्यंत पोहोचून समुद्रातच विरले, तर महा दिशा बदलून गुजरातकडे वळले आणि किनाऱ्याजवळ येता येता दुबळे झाले. पुढचा मार्ग झाकून ठेवावा, त्या त्या दिवशीचीच निरीक्षणे घ्यावीत आणि पुढच्या 24, 48 व 72 तासांसाठी वारा आणि लाटा यांचा अंदाज पूर्ण वाक्यांत लिहावा. मग विभागाने प्रसिद्ध केलेल्या अहवालाशी तो ताडून पाहावा आणि जेथे फरक पडला असेल तेथे निरीक्षण कमी पडले की त्याचा अर्थ चुकला, हे शेजारी नोंदवून ठेवावे.