चढ काढताना छेद आधीच उडवा
दहावीवाल्यांनो, रेषेचा चढ (म्हणजे ती किती तिरकी आहे ते, वायमधला फरक भागिले एक्समधला फरक) काढायला दोन बिंदू अपूर्णांकात दिले की डायरेक्ट वजाबाकी करत बसू नका, आधी सगळ्या छेदांचा लसावि काढा आणि चारही निर्देशकांना त्याच आकड्याने गुणा. समजा (१/२, २/३) आणि (३/४, -१/६) आहेत, लसावि १२, म्हणजे झाले (६, ८) आणि (९, -२), आता चढ = (-२-८)/(९-६) = -१०/३, हे तर दादर ते कुर्ला लोकलमध्ये लटकून पण तोंडी होतं. वर-खाली दोन्हीकडे १२ येतात आणि कटतात म्हणून उत्तर तेच राहतं. फक्त एक्सला वेगळा, वायला वेगळा आकडा लावलात तर बोंबललं. आणि हो, हे चढापुरतंच हां, अंतर काढायला वापरलंत तर ते १२ पट येईल.