लडाखला निघताना या चुका टाळा

जून महिन्यात सकाळी लेहच्या विमानतळावर उतरणाऱ्या मराठी कुटुंबांच्या हातातले सहलीचे पत्रक वाचले, की पुढच्या दोन दिवसांत कोणाला त्रास होणार याचा अंदाज बहुतेक वेळा तिथेच येतो. पहिल्या दिवशी दुपारी लेह दर्शन, दुसऱ्या दिवशी पँगाँग सरोवराच्या काठी मुक्काम, मग तिथूनच नुब्रा खोरे आणि सहाव्या दिवशी परतीचे विमान, असा तो ठरलेला साचा असतो. पत्रक करणाऱ्याने अंतर मोजलेले असते. लेह ते पँगाँग दीडशे-एकशेसाठ किलोमीटर, म्हणजे पुण्याहून मुंबईला जाण्याइतकेच, हा त्याचा हिशेब कागदावर बरोबरही असतो. उंचीचा रकाना मात्र त्या कागदावर नसतो आणि लडाखमधल्या बहुतेक चुका त्या एका रकान्यावाचून घडतात.

दुसऱ्याच दिवशी पँगाँग गाठणे

लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश असतो आणि श्वासागणिक मिळणारा प्राणवायूही त्याच प्रमाणात कमी असतो. शरीर याच्याशी जुळवून घेते, परंतु त्याला काही दिवस द्यावे लागतात. ३,००० मीटरच्या वर गेल्यानंतर झोपण्याची जागा एका रात्रीत ५०० मीटरहून अधिक उंच नेऊ नये, हा उंचीवरच्या आजारांबाबत डॉक्टर सांगतात तो नियम आहे. मुंबईहून विमानाने येणारा माणूस लेहला उतरतो तेव्हाच हा नियम मोडलेला असतो आणि ४,२५० मीटरच्या आसपासच्या पँगाँगवर दुसऱ्या रात्री झोपून तो पुन्हा मोडला जातो.

यावर हमखास मिळणारे उत्तर असे, की आम्ही दर रविवारी गड चढतो, आम्हाला काही होत नाही. कळसूबाईची उंची १,६४६ मीटर आहे, म्हणजे लेहच्या निम्म्याहूनही कमी. सह्याद्रीत कमावलेला दम पायांसाठी उपयोगी असतो, परंतु विरळ हवेशी जुळवून घेण्याचा वेग त्याने वाढत नाही. उलट धडधाकट माणूसच पहिल्या दिवशी शांती स्तूपाच्या पायऱ्या धावत चढतो आणि डोके दुखू लागले तरी कोणाला सांगत नाही.

असेच एक गृहस्थ पँगाँगकाठच्या स्पांगमिकच्या तंबूंमध्ये आमच्या शेजारी उतरले होते. वय चाळिशीचे, नियमित धावण्याचा सराव आणि लेहमध्ये जेमतेम एक रात्र काढलेली. संध्याकाळी डोके दुखू लागले आणि जेवण उलटून पडले, तेव्हा घरच्यांनी एकमताने निदान केले, की पित्त झाले आहे. पित्ताची गोळी देण्यात आली, नाकाशी कापराची पुडी धरण्यात आली आणि लेहहून आणलेला प्राणवायूचा छोटा डबा फवारून झाला. असा डबा काही मिनिटांत संपतो आणि त्यानंतर माणूस पहिल्या स्थितीत परत येतो. कापराने नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, परंतु हवेतला प्राणवायू त्याने कणभरही वाढत नाही. रात्री अकराच्या सुमारास ते बाहेर जाण्यासाठी उठले आणि डावा बूट उजव्या पायात घालण्याचा प्रयत्न पुन्हा पुन्हा करत राहिले. कोणी काही विचारले तर ते हसत होते. मी त्यांना एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावत सरळ रेषेत चालायला सांगितले आणि तिसऱ्याच पावलाला ते कलंडले. तोल जाणे आणि बुद्धी भ्रमल्यासारखे वागणे म्हणजे मेंदूला सूज येत असल्याचे लक्षण. अशा वेळी एकच उपाय, तो म्हणजे ताबडतोब खाली उतरणे.

आणि इथेच पँगाँगची खरी मेख आहे. लेहला परतायचे तर आधी ‘चांग ला’ ही खिंड चढावी लागते आणि ती ५,३०० मीटरहून उंच आहे. आजारी माणसाला खाली नेण्यासाठी आधी हजारभर मीटर वर न्यायचे, हा उलटा न्याय पत्रक करणाऱ्याच्या ध्यानातही आलेला नसतो. मेहुणे म्हणत होते, ‘सकाळ होऊ दे, मग बघू.’ लडाखी ड्रायव्हरने मात्र कोणाच्या होकाराची वाट न पाहता गाडी सुरू केली आणि खिंडीच्या अलीकडे, सरोवरापेक्षा तीनएकशे मीटर खाली असलेल्या टांगत्से गावी त्यांना नेले. तिथे प्राणवायू आणि इंजेक्शन मिळाले, पहाटेपर्यंत ते सरळ बोलू लागले आणि सकाळी प्राणवायू लावूनच त्यांना खिंडीपलीकडे लेहच्या रुग्णालयात हलवण्यात आले. ‘सकाळ होऊ दे’ हे तीन शब्द मी त्या उंचीवर इतक्यांदा ऐकले आहेत, की आता ऐकताच चीड येते.

माझा क्रम ठरलेला आहे. लेहमध्ये तीन रात्री, त्यांतला पहिला दिवस निव्वळ अंथरुणावर आणि तिसरा दिवस अल्चीच्या बाजूला, कारण ते गाव लेहपेक्षा खाली आहे. त्यानंतर नुब्रा. खार्दुंग ला ५,३५९ मीटर उंच असली तरी ती ओलांडायची असते, तिथे झोपायचे नसते, आणि पलीकडचे हुंदर ३,१०० मीटरच्या आसपास असल्याने झोप लेहपेक्षाही बरी लागते. (खिंडीत बराच काळ १८,३८० फुटांचा फलक उभा होता. तो आकडा फुगवलेला होता, परंतु त्यासोबत छायाचित्र काढण्याच्या हौसेत लोक तिथे तासभर रेंगाळत आणि मग डोके धरून बसत.) पँगाँग सर्वांत शेवटी, श्योक नदीच्या काठाने, एका रात्रीपुरते. उंचीचा त्रास टाळण्यासाठी डायमॉक्सची गोळी घ्यायची असेल तर ती घरूनच डॉक्टरांना विचारून घ्यावी आणि सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असल्यास तसे आवर्जून सांगावे. गोळी घेतली म्हणून विश्रांतीचा दिवस कापणाऱ्यांना काय सांगावे, हे मला अजून उमगलेले नाही.

मनालीहून रस्त्याने येणाऱ्यांनी सर्चूचा मुक्काम टाळावा. ४,२९० मीटरवरच्या त्या तंबूंच्या दोन्ही बाजूंना खिंडी आहेत, त्यामुळे तिथेही पँगाँगसारखेच अडकायला होते. त्याच्या अलीकडच्या, बऱ्याच खालच्या जिस्पाला झोपून पहाटे निघावे. वेळ असल्यास श्रीनगर-कारगिल मार्गच धरावा, कारण त्या वाटेवर उंची हळूहळू वाढते आणि कारगिलची रात्र २,७०० मीटरच्या आत निघते.

प्राण्यांना खाऊ घालणे आणि कुरणात गाडी घालणे

पँगाँगच्या वाटेवर मार्मोट दिसतात. हे जाडजूड, तपकिरी प्राणी बिळात राहतात, उन्हाळाभर गवत खाऊन चरबी साठवतात आणि हिवाळाभर झोपतात. रस्त्याकडेच्या मार्मोटांना आता माणसांची इतकी सवय झाली आहे, की गाडी थांबताच ते बिळातून बाहेर येतात. एका आजोबांनी नातवाच्या हातून त्यांना बाकरवडी खाऊ घातलेली मी पाहिली आहे. मार्मोटाने ती दोन्ही पंजांत धरून कडेने कुरतडली, आजूबाजूला टाळ्या वाजल्या आणि लगेच दुसरी पुढे झाली. तिखट, मीठ आणि तळलेला मैदा हा गवतावर जगणाऱ्या प्राण्याचा आहार नव्हे. शिवाय गाडीकडे धावण्याची सवय लागलेला प्राणी एक दिवस चाकाखाली येतो. मी थेट म्हणालो, ‘आजोबा, पुडा पिशवीत ठेवा.’ त्यांना राग आला आणि तो मी चालवून घेतला.

पूर्व लडाखमधले चांगथांगचे पठार हे अभयारण्य आहे, हे बहुतेकांना ठाऊकच नसते, कारण तिथे कुंपण नाही आणि फाटकही नाही. तिथले त्सो मोरिरी सरोवर २००२ पासून आणि त्सो कार सरोवर २०२० पासून रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत आहे. काळ्या मानेचा क्रौंच तिथे पाण्यालगत जमिनीवरच घरटे करतो, त्यात बहुधा दोनच अंडी असतात आणि भटकी कुत्री ती खाऊन टाकतात. तंबूंबाहेर टाकलेल्या उष्ट्यावर हीच कुत्री पोसली जातात, म्हणून उरलेले अन्न बाहेर ठेवू नये. काठाजवळच्या ओलसर गवतावर ‘जरा जवळून’ म्हणून गाडी घालणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे, की तिथे गवत वाढण्याचा हंगाम मोजक्या महिन्यांचा असतो आणि चाकांचे व्रण वर्षानुवर्षे बुजत नाहीत. कियांग, म्हणजे तिथले रानगाढव, गाडीच्या बरोबरीने धावते ते गंमत म्हणून नव्हे, तर घाबरून. गाडी थांबवली की तेही थांबते आणि छायाचित्रही तेव्हाच चांगले येते.

उरलेल्या चुका, थोडक्यात

बाहेरचे प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेड घ्यावे. रोख रक्कम लेहमध्येच काढून ठेवावी. पहिल्या दोन रात्री मद्य घेऊ नये, झोपेची गोळी तर मुळीच घेऊ नये. पाणी बेताने प्यावे. दिवसाला सात-आठ लिटर रिचवल्याने उंची सोसत नाही, उलट रक्तातले मीठ घटते. सीमेलगतच्या भागाचे परवान्याचे नियम बदलत असतात, म्हणून निघण्याआधी ताजी माहिती घ्यावी आणि ओळखपत्राच्या प्रती जवळ बाळगाव्यात. वितळत्या बर्फाचे नाले दुपारनंतर फुगतात. पँगाँगच्या वाटेवरच्या एका नाल्याला लोकांनी ‘पागल’ हे नाव उगाच दिलेले नाही, तेव्हा सकाळीच निघावे.

परतीच्या विमानाआधी लेहमध्ये एक रात्र मोकळी ठेवावी. दुपारी वारा सुटतो म्हणून तिथली उड्डाणे बहुतेक सकाळीच होतात, आणि ढगांमुळे सकाळचे विमान रद्द झाले तर सहसा दुसऱ्या दिवसावर जाते. लेहच्या विमानाला जोडून त्याच दुपारचे दिल्ली-पुणे तिकीट काढणाऱ्यांना ते बहुधा दोनदा काढावे लागते.