तांब्याचा रेडिएटर घरी सोल्डर करताय? आधी या चुका टाळा

आमच्याकडे जुनी डिझेल जीप आहे, तांब्या-पितळेच्या रेडिएटरवाली. खालच्या टाकीच्या कोपऱ्यातून थेंब थेंब गळायला लागलं तेव्हा मी एका दुपारी तीनदा सोल्डर मारलं आणि तिन्ही वेळा ते टिकलीसारखं उचकटून हातात आलं. गॅसचा टॉर्च चांगला होता, सोल्डर चांगलं होतं, घासलंही होतं. चौथ्या वेळी जवळ वाकून बघितलं तर त्या भोकातून बारीक वाफ येत होती आणि वितळलेल्या सोल्डरला बुडबुडा येऊन ते बाजूला सरकत होतं. म्हणजे आत पाणी होतं. ड्रेन कॉक उघडून मी पाणी काढलं होतं, पण तळाशी आणि नळ्यांत राहिलेलं तसंच होतं.

तर पहिली आणि सगळ्यात जास्त होणारी चूक हीच, ओला रेडिएटर झाळायला घेणं. पाणी 100 डिग्रीला उकळतं आणि पत्र्याच्या मागे पाणी आहे तोवर तो पत्रा त्याच्या फारसा वर जातच नाही, आणि 60/40 चं (60 टक्के कथील, 40 टक्के शिसं) सोल्डर वितळायला साधारण 183 ते 190 डिग्री लागतात, मग ते पत्र्याला धरणार कसं? ते नुसतं वरच्यावर गोठतं. रेडिएटर गाडीवरून उतरवा, उलटा-सुलटा करून हलवा, आणि एक दिवस उन्हात होजची तोंडं खाली करून ठेवा. गाडीवरच बसलेल्या रेडिएटरला सोल्डर मारायच्या भानगडीत पडू नका, शेजारी रबरी होज, वायरिंग, डिझेलचा पाईप असतो आणि हातात पेटता टॉर्च.

त्याच्याही आधी एक गोष्ट बघा, रेडिएटर खरंच तांब्याचा आहे का. काळ्या रंगाखाली सगळे सारखेच दिसतात. टाकीवर खिळ्याने एक ओरखडा काढा, पिवळं किंवा लालसर निघालं तर पितळ-तांबं, पांढरं निघालं तर ॲल्युमिनियम. टाक्या प्लास्टिकच्या असतील आणि कडेने पत्र्याचे दात दुमडून बसवलेल्या असतील तर ओरखडा काढायचीही गरज नाही, तो ॲल्युमिनियमवाला आहे आणि त्याला आपलं हे सोल्डर लागणार नाही. हल्लीच्या बहुतेक गाड्यांत तोच असतो. हे काम जुन्या जीप, जुने ट्रॅक्टर, जुन्या अँबॅसिडर-पद्मिनी यांचं आहे.

गळती शोधण्यात लोक फार घाई करतात. जिथे ओलं दिसतं तिथे भोक असतंच असं नाही, पाणी जाळीवरून ओघळत खाली येतं आणि थेंब भलत्याच ठिकाणी पडतो. होजच्या दोन्ही तोंडांना रबरी बूच क्लॅम्प लावून घट्ट बसवा, टोपणाचं तोंड आणि ओव्हरफ्लोची नळी पण बंद करा, सायकलच्या पंपाने हवा भरा आणि रेडिएटर पाण्याच्या टबात बुडवा. बुडबुडे जिथून निघतात तिथे खिळ्याने खूण करा, खडूची खूण ओल्यावर राहत नाही. इथे एक धोक्याची चूक होते, ती म्हणजे पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा थेट सोडणं. रेडिएटरच्या टोपणावर 7 किंवा 13 किंवा 0.9 असा दाबाचा आकडा असतो, पहिले दोन पीएसआय या एककातले आणि 0.9 म्हणजे बारमधला. त्या आकड्याच्या वर जायचंच नाही. कॉम्प्रेसरमध्ये 100 पीएसआय सहज असतात, नळ्या फुगतील, टाकीचा सांधा सुटेल आणि एका भोकाची चार भोकं होतील.

आता खरा मुद्दा. सोल्डर म्हणजे भोकात भरायची पुट्टी नाही. ज्यांनी लहानपणी कल्हईवाल्याला बघितलंय त्यांना हे लगेच कळेल. तो भांडं आधी वाळूने घासून लख्ख करायचा, मग भट्टीवर तापवायचा, नवसागर टाकायचा, पांढरा धूर निघायचा, कथील टेकवायचा आणि कापसाच्या बोळ्याने एका हातात फिरवायचा की आख्खं भांडं आरशासारखं. रेडिएटरला पण आधी हेच करायचं असतं. भोकाभोवती दोन बोटं जागा तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने इतकी घासा की रंग, काळपटपणा, हिरवी-पांढरी बुरशी काहीही राहता कामा नये, आणि घासल्यावर त्याला बोट लावू नका, हाताचं तेल लागलं तरी सोल्डर तेवढ्या जागी पसरत नाही. मग फ्लक्स (सोल्डर धातूला धरावं म्हणून लावायचं रसायन), मग पत्रा तापवणं, मग अगदी पातळ सोल्डरचा थर आणि ओलसर सुती फडक्याने एक हात पुसणं. पुसल्यावर चंदेरी कातडी राहिली तर धरलं. काळे ठिपके राहिले तर तिथे धरलेलं नाही, परत घासा. ही कल्हई नीट बसल्यावर वर जाड सोल्डर चढवायला दोन मिनिटं लागतात.

जुनं सोल्डर जिथे आहे तिथे लोक त्याच्यावरच नवीन ओततात. ते वर्षानुवर्षांचं पाणी पिऊन पांढरं, भुगा झालेलं असतं. ते तापवून आणि खरवडून काढा, मगच पुढे जा. आधी कोणी एपॉक्सी लावलेली असेल तर तिचा कणही ठेवू नका.

फ्लक्सबद्दल. रेडिओ-टीव्हीच्या कामाचं पोटात राळ असलेलं सोल्डर इथे कमी पडतं. इथे झिंक क्लोराईडचा फ्लक्स लागतो, म्हणजे जस्त विरघळवलेलं हायड्रोक्लोरिक ॲसिड. तो तयार मिळतो, तयारच घ्या. घरी बनवताना हायड्रोजन वायू निघतो आणि शेजारी टॉर्च पेटलेला असला तर काय होईल ते सांगायला नको. डोळ्यांवर चष्मा, काम उघड्यावर. आणि काम झाल्यावर खायचा सोडा टाकलेल्या कोमट पाण्याने धुणं विसरू नका, कारण राहिलेला फ्लक्स महिन्या-दोन महिन्यांत तोच सांधा हिरवा करून खातो आणि लोक म्हणतात सोल्डर टिकलं नाही.

उष्णतेच्या दोन उलट चुका आहेत. एक म्हणजे 25 वॅटचा सोल्डरिंग आयर्न घेऊन बसणं. तांबं उष्णता इतक्या वेगाने पळवतं की टोक ठेवलं की टोकच गार होतं. निदान 150-200 वॅटचा जड तांब्याच्या टोकाचा आयर्न हवा, नाहीतर गॅसचा छोटा टॉर्च. दुसरी चूक टॉर्च एकाच जागी धरून ठेवणं. बनवताना बऱ्याच रेडिएटरला शिसं जास्त असलेलं सोल्डर वापरलेलं असतं, ते आपल्या 60/40 पेक्षा उशिरा वितळतं, म्हणून थोडी सवलत मिळते, पण ज्योत त्यापेक्षा कितीतरी गरम असते आणि शेजारच्या नळ्यांचे सांधे बघता बघता सुटतात. आजूबाजूच्या सांध्यांवर ओलं फडकं ठेवा, ज्योत सतत फिरवत राहा. आणि सोल्डरची तार ज्योतीत धरू नका, ज्योत बाजूला घ्या आणि तार पत्र्याला टेकवा. पत्र्याच्या उष्णतेने ती वितळून पाण्यासारखी पसरली तर बरोबर, गोळी होऊन बसली तर पत्रा गार आहे. गोठेपर्यंत हलवायचं नाही. फुंकर मारायची नाही. वर पाणी तर मुळीच नाही.

चीर लांब असेल तर नुसतं सोल्डर भरू नका, गाडीच्या थरथरीने ते परत तडकतं. पातळ पितळी पत्र्याचं ठिगळ कापा, त्याला आणि टाकीला वेगवेगळी कल्हई करा, मग ठेवून तापवा. मधल्याच एखाद्या नळीला भोक असेल आणि हात पोचत नसेल तर तेवढी जाळी कापून ती नळी दोन्ही बाजूंनी चेपून सोल्डरने बंद करता येते. एक-दोन नळ्या गेल्याने सहसा फरक पडत नाही, जास्त असतील तर कोअर, म्हणजे मधला नळ्या-जाळीचा भाग, बदला. नळ्या जिथे टाकीच्या पट्टीत शिरतात तिथली गळती मी घरी करत नाही, एक सांधा जोडताना शेजारचे तीन सुटतात, ती रेडिएटरवाल्याकडेच द्यावी.

हळद टाकायचा उपाय सगळ्या ड्रायव्हरांना माहीत आहे. घाटात अडकलात आणि गावापर्यंत पोचायचंय तर ठीक. पण ती बारीक नळ्यांतही बसते, म्हणून घरी आल्यावर पूर्ण फ्लश करा. गरम गाडीचं टोपण उघडू नका, 0.9 च्या टोपणाखाली पाणी 115 डिग्रीच्या पुढे जाऊनही उकळत नाही आणि टोपण सैल केलं की क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. भाजल्याच्या खुणा मी जवळून बघितल्या आहेत, इंजिन गार व्हायला अर्धा-पाऊण तास थांबा. काढलेलं कूलंट अंगणात उघडं ठेवू नका, ते गोड लागतं, कुत्री-मांजरं पितात आणि मरतात. सोल्डरमध्ये शिसं आहे, त्यामुळे घासलेला भुगा झाडून नाही तर ओल्या फडक्याने पुसून घ्या, पोरांना लांब ठेवा, साबणाने हात धुतल्याशिवाय चहाचा कप उचलू नका.

झाल्यावर परत टबात बुडवून त्याच हवेवर बघा, पाच मिनिटं तरी. बसवताना खालचे रबरी कुशन बघा, ते दगडासारखे कडक झाले असतील तर बदला, कारण आमच्या जीपचा तो कोपरा त्यांच्यामुळेच तडकला होता. बोअरचं पाणी भरू नका, डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट. आणि पहिले तीन-चार दिवस रात्री गाडीखाली पेपर पसरून ठेवा, सकाळी त्यावर एक जरी गोल डाग दिसला तर रेडिएटर परत उतरवून त्याच खुणेपाशी बघा.