सोयाबीन कधी विकायचं? आधी चिठ्ठ्या, मग चर्चा

औसा तालुक्यातल्या आमच्या शेतकरी गटाचा हिशोब माझ्याकडं असतो. दसरा झाला की एकच प्रश्न: माल लातूरच्या आडतीला आत्ताच घालायचा, का गोदामात ठेवायचा? अण्णा बसल्या बसल्या म्हणणार, "थांबा, भाव वाढणार," आणि सगळे माना डोलावणार. अण्णांना बाजार कळतो, पण मग बाकीच्यांना चहा कशाला पाजायचा?

म्हणून कुणी बोलायच्या आत कागद वाटा. संक्रांतीला क्विंटलला काय भाव असेल, एवढा एकच आकडा लिहायचा. नाव नको. "वाढंल" असं लिहिलेली चिठ्ठी परत करा. लिहिता न येणाऱ्याला बाजूला नेऊन आकडा कानात विचारा. हमीभावही (२०२५-२६ साठी ५३२८ रुपये) आधी मोठ्यानं वाचू नका, चिठ्ठ्या त्याच्याच आसपास घुटमळतात. मग सतरंजीवर लहान आकड्यापासून मोठ्यापर्यंत ओळ लावा आणि मधली चिठ्ठी उचला. सरासरी नको, एखादा गडी हौसेनं दहा हजार लिहितो आणि हिशोब फुगतो. इंग्लंडात प्लिमथच्या प्रदर्शनात बैलाचं कापल्यानंतरचं वजन ओळखायची पैज होती. त्यातल्या ७८७ चिठ्ठ्या फ्रान्सिस गाल्टन या संख्याशास्त्रज्ञानं तपासल्या आणि १९०७ साली निकाल छापला: मधला अंदाज १२०७ पौंड, खरं वजन ११९८.

आता बोलू द्या, पण तिघा-तिघांत, आणि थोड्या वेळानं माणसं बदला. बेकर, ब्रॅकबिल आणि सेंटोला या संशोधकांनी २०१७ साली गटाच्या अंदाजावरचा प्रयोग छापला. सगळ्यांचे संबंध सारखे असले, तर एकमेकांचे आकडे बघून गटाचा अंदाज सुधारला, कारण जास्त चुकलेला माणूस आपला आकडा जास्त हलवतो. सगळ्यांच्या नजरा एकाकडंच असल्या, की गट त्याच्या आकड्याकडं सरकला, बरोबर असो वा चूक. अण्णांना रागवायचं काही कारण नाही, ते एका टोळक्यात बसले की झालं. व्हॉट्सॲपवर पोल तर टाकूच नका. पहिली चार मतं बघूनच बाकीचे बोट दाबतात.

परत चिठ्ठ्या घ्या. नव्या मधल्या आकड्यातून गोदामाचं भाडं, व्याज आणि वाळून होणारी घट वजा करा. उरलेलं आजच्या भावापेक्षा जास्त असेल तरच थांबा. ओळीच्या दोन टोकांत फार अंतर दिसलं तर अर्धा माल विका. आणि ज्याच्या घरी लग्न आहे किंवा बँकेचा हप्ता थकलाय, त्याला गटाच्या निर्णयात बांधू नका. त्याची पोती आधी जाऊ द्या.