मेहनत दाखवणारे इंग्रजी वाक्प्रचार: या चुका टाळा

नोकरीचे अर्ज तपासून घ्यायला माझ्याकडे मुलं येतात. आपण किती राबतो हे सांगायला घातलेला वाक्प्रचारच बहुतेक वेळा घात करतो.

सगळ्यात वाईट चूक 'बर्निंग द कँडल अ‍ॅट बोथ एन्ड्स'. मेणबत्ती दोन्हीकडून जळते म्हणजे दुप्पट मेहनत, असा समज. एका मुलीने अर्जात हे अभिमानाने लिहिलं होतं. मी त्या दिवशी घाईत होते, व्याकरण बघितलं आणि अर्ज परत दिला. मुलाखतीत तिला पहिलाच प्रश्न आला, "तब्येत बरी असते ना?" ती इतकी गोंधळली की पुढचं काही धड सांगताच आलं नाही. मला आजही त्याची रुखरुख आहे. दोन्ही टोकांनी पेटवलेली मेणबत्ती लवकर संपते. दिवसरात्र एक करून जिवाचे हाल करणाऱ्याबद्दल काळजीने म्हणतात ते. तिला म्हणायचं होतं 'बर्निंग द मिडनाइट ऑइल', म्हणजे दिव्यात तेल घालून रात्री उशिरापर्यंत काम.

दुसरी चूक 'पुल आउट ऑल द स्टॉप्स'. 'स्टॉप' म्हणजे अडथळा समजून मुलं 'रिमूव्ह ऑल द स्टॉप्स' लिहितात. हे स्टॉप म्हणजे पाइप ऑर्गनच्या, चर्चमधल्या नळ्यांच्या मोठ्या वाद्याच्या, खुंट्या. एक बाहेर ओढला की नळ्यांच्या एका संचाला हवा मिळते. सगळे ओढले की वाद्य पूर्ण ताकदीने घुमतं, म्हणून अर्थ सगळा जोर लावणं. आपल्या पेटीलाही पुढे स्टॉप असतात. मी मुलांना पेटीसमोर बसवते, भाता मारत एकेक ओढायला लावते. मग 'पुल आउट'च्या जागी 'रिमूव्ह' कुणी लिहीत नाही.

'टूथ अँड नेल' लढायला किंवा विरोध करायला. 'वर्क'ला जोडू नका. 'ब्रेकनेक स्पीड'मध्ये मान मोडण्याची भीती आहे, स्वतःच्या कामाबद्दल नकोच. 'एल्बो ग्रीस' घासायपुसायच्या कष्टांना शोभतं. 'ब्लड, स्वेट अँड टिअर्स' हे चर्चिल यांचे नेमके शब्द म्हणून देऊ नका. ब्रिटनचे हे पंतप्रधान १३ मे १९४० रोजी बोलले त्यात रक्त, घाम, अश्रूंबरोबर 'टॉइल' म्हणजे कष्टही होते. आणि 'रक्ताचं पाणी केलं' शब्दशः इंग्रजीत नेऊ नका. 'मेक वॉटर' म्हणजे लघवी करणं.

'एका रात्रीत शंभर इडियम्स'वाल्या याद्या मी आधी बाजूला ठेवायला लावते. वाक्प्रचार तीन वेगवेगळ्या ठिकाणी वाचनात आला, तिन्ही वाक्यं वहीत उतरवली, तरच तो वापरायचा. "मॅडम, मुलाखत परवा आहे," असं कुणी म्हणालं, तर सरळ 'आय वर्क्ड हार्ड' लिही म्हणते, आणि पुढच्या ओळीत नेमकं काय केलं ते.