टाकी डिझाइन करणाऱ्या नव्या पोरांसाठी

वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजातून किंवा कऱ्हाडच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली मुलंमुली आमच्या सांगलीच्या ऑफिसात आली की त्यांना आधी सॉफ्टवेअर उघडायचं असतं. मी कागद पुढे सरकवतो. पन्नास हजार लिटरची ईएसआर, म्हणजे खांबांवरची पाण्याची गोल टाकी, व्यास ५ मीटर, पाणी २.७५ मीटर. तळाशी हूप टेन्शन, म्हणजे पाण्याच्या दाबाने भिंतीच्या घेरात येणारी ओढ, किती? पाण्याचं वजन × खोली × त्रिज्या, ९.८१ × २.७५ × २.५, म्हणजे मीटर उंचीला साधारण ६७ किलोन्यूटन. तडे आवरायचे म्हणून सळईतला ताण १३० न्यूटन प्रति चौ. मिमीच्या आत ठेवायचा. भिंतीच्या आतल्या-बाहेरल्या दोन्ही तोंडांना ८ मिमीच्या गोल सळया, म्हणजे रिंगा, १९० मिमी अंतरावर आल्या. इथवर सगळ्यांना येतं.

मग विचारतो, भिंत तळाच्या स्लॅबला एकसंध जोडलीय, ती तिथं फुगेल कशी? फुगत नाहीच. हूप टेन्शनचा जोर वर सरकतो आणि पायथ्याशी बेंडिंग, म्हणजे वाकवणारा जोर, येतं. पाण्याच्या काँक्रीट टाक्यांचं भारतीय मानक आयएस ३३७०, त्याच्या चौथ्या भागातली कोष्टकं त्यासाठीच आहेत.

पण खरी गोम स्टेजिंगमध्ये, म्हणजे टाकी पेलणाऱ्या खांबांच्या सांगाड्यात. वर ५० टन पाणी, खाली चार बारीक खांब. कोयनेचा १९६७ चा भूकंप आपल्याच दारातला, त्यामुळे भूकंपाच्या मानकाचा, आयएस १८९३ चा, टाक्यांवरचा दुसरा भाग परीक्षेपुरता वाचून भागत नाही. भिंतीबरोबर हलणारं पाणी वेगळं धरायचं, वर डचमळणारं वेगळं. टाकी भरलेली तपासा तशी रिकामीही तपासा. वजन नसताना वाऱ्याने खांबात दाबाऐवजी ओढ (टेन्शन) येऊ शकते. भूकंपाचा, वाऱ्याचा जोर चार खांबांच्या चौकोनाच्या कर्णाच्या दिशेनेही लावून बघा.

आणि साइटवर जा. ब्रेस, म्हणजे खांबांना जोडणारी आडवी तुळई, जिथं खांबाला मिळतो तिथं वाकून बघा. सळयांची एवढी दाटी असते, की खांबाच्या उभ्या सळयांना वेढणाऱ्या रिंगा नेमक्या त्या सांध्यात गाळल्या जातात. ड्रॉइंगवर 'रिंगा सांध्यातूनही चालू' असं ठळक लिहा, सांध्याचा मोठा डिटेल काढा. माझ्या मते नवख्याने पहिलं वर्ष या एका डिटेलवर घालवलं तरी वाया जात नाही.

गळती चाचणीला घाई चालत नाही. भरल्यावर सात दिवस काँक्रीटला पाणी पिऊ द्यायचं, पुढचे सात दिवस भिंत बाहेरून कोरडी राहिली पाहिजे. भिंत-स्लॅबच्या जोडावर पांढरट ओघळ दिसला तर पाणी झिरपतंय. ठेकेदार म्हणेल, "साहेब, गिलाव्यात झाकून जाईल." चाचणी होईपर्यंत बाहेरून गिलावा करू देऊ नका.